दोन पिनांचं पत्र

तक्रार घरातूनच गेली होती. बालकल्याण कार्यालयाच्या निरीक्षकाने फोनवर तसं सरळ म्हटलं नव्हतं. "पत्र लिहिणाऱ्याला तुमच्या घरातलं... बरंच माहीत आहे," एवढंच तो म्हणाला होता. पण अक्काने तीस वर्षं कोर्टात लघुलेखिका म्हणून काढली होती. साक्षीदार काय बोलतो यापेक्षा कुठे अडतो, याकडे तिचं लक्ष जास्त असायचं, आणि निरीक्षक 'बरंच' या शब्दाआधी चांगलाच अडला होता.

रविवारची दुपार होती. सोमवारी अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी होती. प्रतिपालक कुटुंबांच्या मंचाने दीड वर्ष जोडे झिजवून मिळवलेली ही पहिली जाहीर सुनावणी, आणि अध्यक्ष म्हणून मंचातर्फे बोलायचं होतं ते अक्कानेच. मुख्य मागणी एकच होती. सांभाळायला दिलेल्या मुलांना दर अठरा महिन्यांनी एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवायचा नियम रद्द करा. मुलांना घराचा लळा लागू नये म्हणून कोणा हुशार माणसाने तो केला होता. "लळा म्हणजे त्याला गोवरासारखी साथ वाटत असावी," असं अक्का सभांमधून म्हणायची, आणि लोक हसायचे.

त्याच नियमाने टाचणीला येत्या मंगळवारी जायचं होतं.

टाचणी म्हणजे या घरात सांभाळायला आलेली दहा वर्षांची मुलगी. अंगाने काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून भाऊने पहिल्याच आठवड्यात तिला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून कार्यालयाच्या माणसाने तिला दारात आणून सोडलं, त्याला मंगळवारी बरोबर अठरा महिने पूर्ण होत होते. सवलतीचा अर्ज करता आला असता. अक्काने केला नाही. मंचातल्या बाकीच्या घरांतली मुलं जाणार आणि आपल्याच घरातली तेवढी राहणार, तर उद्या कुठल्या तोंडाने बोलायचं, असा तिचा सवाल होता. पोरीला आधीपासून घोर नको म्हणून तिच्या कानावर काही घालायचं नाही, मंगळवारी सकाळी सांगू, हेही अक्कानेच ठरवलं होतं. या घरात बरंचसं अक्काच ठरवायची, आणि ते तिला वावगं वाटत नसे.

जेवणं उरकली तशी तिने टाचणीला खाली भाऊच्या चष्म्याच्या दुकानात फ्रेमी पुसायला पाठवलं. रविवार असल्यामुळे दुकान बंद होतं. मग तिने जिन्याचं दार लावलं, लघुलेखनाची वही उघडली आणि पेन्सिल कानामागे अडकवली. टेबलावर निवेदनाच्या एकशे चाळीस प्रती रचलेल्या होत्या. त्यांच्या आडून भाऊ, वहिनी आणि पाहुणा यांचे चेहरे तेवढे दिसत होते.

"साडेतीनला निरीक्षक येतोय," अक्का म्हणाली. "त्याच्याआधी मला कळायला हवं. पत्र कोणी टाकलं?"

"म्हणजे आमची उलटतपासणी का?" भाऊने विचारलं.

"तसं समज."

"पण पत्रात आहे तरी काय?"

"तीन मुद्दे आहेत. पहिला, या घरात आरडाओरडा होतो. दुसरा, मुलीकडून काम करून घेतात. तिसरा तो समोरच वाचून दाखवणार आहे."

"आरडाओरडा?" भाऊ ताडकन उठला. "कोण ओरडतं या घरात? सांग ना, कोण ओरडतं?"

"आत्ता तरी तुम्हीच," वहिनी शांतपणे म्हणाली.

भाऊ बसला. बसताना त्याचा हात प्रतींच्या ढिगावर पडला आणि तो कळवळला. "या पिना! एकेका प्रतीला दोन-दोन! सगळ्या घराला भोकं पडायची वेळ आली."

पिना टाचणी मारायची. एक पिन सुटली तर काय, म्हणून ती प्रत्येक प्रतीला दोन पिना मारायची, शेजारी-शेजारी, बोटभर अंतरावर. अक्काने एकदा सांगून पाहिलं होतं, की एक पुरे. "पुरे असती तर माझी आधीची फाइल हरवली नसती," असं पोरीने सुनावलं, तेव्हा अक्काने नाद सोडला होता.

"हे बघा," अक्का म्हणाली, "सुनावणीच्या तोंडावर पत्र यावं, हा योगायोग नाही. आपल्या मंचाचा नियम पाच काय म्हणतो? ज्या घराची चौकशी चालू आहे, त्या घरातल्या माणसाने मंचातर्फे बोलायचं नाही."

"तो नियम तूच घातलास," भाऊ म्हणाला.

"मीच घातला. म्हणजे हे पत्र ज्याने टाकलं, त्याला मी उद्या उभी राहायला नको आहे. त्याला नियम पाच माहीत आहे. बाहेरच्या किती जणांना माहीत असेल?"

 वहिनी पडद्याच्या काठाला टीप घालत होती. लोकांच्या घरांचे पडदे शिवायचे हा तिचा धंदा, आणि भांडण असो की पाहुणे येवोत, तिच्या मांडीवरचं कापड काही हलायचं नाही. अक्काने तिच्याकडे मोर्चा वळवला.

"वहिनी, गुरुवारी तू मला काय म्हणालीस?"

"बरंच म्हणाले. त्यातलं कुठलं?"

"ही सुनावणी झालीच नाही तर बरं, असं म्हणालीस."

"म्हणाले." वहिनीने दोरा दाताने तोडला. "आणि अजून म्हणते. तुमची सुनावणी जिंकली तरी नवा नियम लागू होणार पुढच्या वर्षी. पोर जाणार परवा. तुम्ही एक अर्ज केला असता तर ती राहिली असती. तुमचं नाव धुतल्या तांदळासारखं राहावं म्हणून तिने पिशवी उचलायची, हे मला नाही पटत, अक्का."

"म्हणून पत्र लिहिलंस?"

"मला तुम्हाला काही सांगायचं असलं तर मी तोंडावर सांगते. आत्ता सांगितलं की."

हे खरं होतं. अक्काच्या मनातली वहिनीवरची शंका निम्मी उतरली, आणि निम्मी तशीच राहिली, कारण इतकं तोंडावर बोलणारी बाई पाठीमागे काय करेल हे कोणी सांगावं? तिने वहीत एक खूण केली आणि भावाकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," भाऊ म्हणाला.

"तुला तुझं टेबल परत हवं होतं. मंचाची माणसं जिन्यात बसतात, गिऱ्हाईक मागे फिरतं, असं तू महिनाभर ऐकवतोयस."

"ऐकवतोय, कारण फिरतंच! पण म्हणून मी स्वतःच्या घराची तक्रार करीन? आणि स्वतःवरच आरडाओरड्याचा आळ घेईन?" भाऊच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण एकाएकी त्याचा आवाज खाली आला, आणि अक्काला ते जास्त धोक्याचं वाटलं. "एक विचारू? पत्र कार्यालयाच्या दारातल्या पेटीत टाकलंय ना? म्हणजे तिथे जायला हवं. या आठवड्यात तिथली लिफ्ट कोणी दुरुस्त केली?"

सगळ्यांच्या माना पाहुण्याकडे वळल्या.

पाहुण्याला सगळं गाव पाहुणा म्हणायचं. अक्का-भाऊच्या आईने त्याला चार दिवसांसाठी म्हणून घरात घेतलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आता तो सेहेचाळीस वर्षांचा झाला होता, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, आणि या घरातली कुठली खिडकी कशी बसते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. कागदोपत्री मात्र तो या घरचा कधीच झाला नाही. त्याच्या पलंगाखाली एक भरलेली बॅग असायची. तिच्याविषयी कोणी विचारायचं नाही असा घरात अलिखित ठराव होता.

"मी केली," पाहुणा म्हणाला. "बुधवारी."

"पेटी दिसली?"

"दारातच आहे. कोणालाही दिसते."

"कोणालाही म्हणजे अक्कालासुद्धा," वहिनी मध्येच म्हणाली. "शुक्रवारी अक्काही गेल्या होत्या ना टाचणीला घेऊन, प्रती द्यायला? मग त्यांनाही धरा."

"वहिनी, थट्टा नकोय." अक्काने पेन्सिल हातात घेतली. पाहुणा तिच्याकडे बघत नव्हता. तो टेबलाच्या कडेवरचा टवका अंगठ्याने घासत होता. जो बघत नाही तो लपवतो, हे अक्काने इतक्या वेळा पाहिलं होतं, की तिला दुसरा अर्थ सुचेना. "तुला माहीत आहे कोणी टाकलं ते."

"मला काही माहीत नाही."

"पण अंदाज आहे."

पाहुणा टवका घासत राहिला.

"बोल ना! मी उद्या उभी राहणार ती तुझ्यासारख्यांसाठीच. तुला नकोय का हे? की चाळीस वर्षं या घरात काढून शेवटी तू पाहुणाच राहिलास?"

वहिनीची सुई थांबली. भाऊसुद्धा खाली बघायला लागला. शब्द तोंडातून गेला तेव्हाच अक्काला कळलं, की हे बोलायला नको होतं. लाजेने तिचे कान तापले. पण माघार घ्यायची सवय नव्हती, म्हणून ती पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिली.

पाहुण्याने टवका घासायचं थांबवलं.

"मला ताप यायचा, आठवतं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "कार्यालयाचा माणूस यायचा तेव्हा. तेव्हा मुलांना सहा महिन्यांनी हलवायचे. आजारी मूल हलवायचं नाही, असा नियम होता."

"आठवतं," भाऊ म्हणाला. "दर वेळी एकशे दोन. तू फार अशक्त होतास."

"मला आयुष्यात एकदाही ताप आला नाही, भाऊ. मी पांघरूण घेऊन कण्हायचो. थर्मामीटर आई चहात बुडवायची."

"आई?" अक्का म्हणाली. त्यांची आई म्हणजे खोटं बोललं तर जेवायला न वाढणारी बाई. "आपली आई?"

"मी तिला कधी सांगितलं नाही, की मला राहायचंय. तिनेही विचारलं नाही कण्हतोस का म्हणून. पहिल्या वेळी मी कण्हायला लागलो आणि ती चहाचा कप घेऊन आली. मला वाटलं, प्यायला आणलाय." तो उठला. "तू अंदाज विचारलास. आई असती तर तिने आत्ता कोणाची तपासणी घेतली नसती, एवढाच माझा अंदाज आहे."

अक्काने काही विचारायच्या आत खालची घंटा वाजली. निरीक्षक दहा मिनिटं आधीच आला होता.

तो पन्नाशीचा, दमलेला, नाकावरून चष्मा घसरणारा माणूस होता. भाऊने सवयीने त्याचा चष्मा काढून घेतला, काडी वाकवली आणि परत डोळ्यांवर चढवला, तेव्हा कुठे तो नीट बसला. त्याने पिशवीतून एक फाइल काढली. अक्का त्याच्या हातांवर डोळे रोखून होती. अक्षर ओळखीचं निघालं तर चोर सापडला, अशा हिशोबाने ती टेबलावर पुढे झुकली होती.

अक्षर ओळखता येण्यासारखं नव्हतं. सगळी अक्षरं पट्टीने आखल्यासारखी सुटी-सुटी काढलेली. कागद मात्र याच घरातला होता. मागच्या बाजूला निवेदनाचं सातवं पान छापलेलं होतं, शाई पसरल्यामुळे बाद केलेल्या गठ्ठ्यातलं. कागदाची घडी घालून ती पाकिटासारखी बंद केली होती, आणि निरीक्षकाने ती कडेने फाडून उघडली होती, त्यामुळे बंद केलेली बाजू अजून तशीच होती.

तिथे दोन पिना होत्या. शेजारी-शेजारी, बोटभर अंतरावर.

"वाचतो," निरीक्षक म्हणाला. "एक. या घरात आरडाओरडा होतो, सामना चालू असताना फार होतो. दोन. मुलीकडून काम करून घेतात. तिने एकशे चाळीस प्रतींना पिना मारल्या. तीन. या घरातले लोक मुलांसाठी सगळीकडे भांडतात, पण मुलीला कुठे जायचंय की नाही, ते तिला कोणी विचारत नाही. कृपया नियम चार पाहावा." त्याने मान वर केली. "झालं. सही नाही."

नियम चार. तो याच टेबलावर लिहिला गेला होता, कार्यालयानेही तो वर्षभरासाठी प्रायोगिक म्हणून मंजूर केला होता, आणि अक्काला त्याचा केवढा अभिमान होता. पूर्वी तक्रार आली, की मुलाला त्याच दिवशी उचलून न्यायचे, मग ती खरी असो वा खोटी. आता मारहाण नसेल, तर चौकशी संपेपर्यंत मुलाला त्या घरातून हलवायचं नाही, कुठल्याच कारणाने नाही. मुदत साठ दिवस. अक्का तो मजकूर मोठ्याने वाचत होती तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या टाचणीने विचारलं होतं, "साठ म्हणजे सुट्ट्या धरून की सोडून?" सगळे हसले होते. भाऊ म्हणाला होता, ही पोरगी मोठेपणी वकील होणार.

पोरीला मंगळवारचं सगळं ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. शुक्रवारी कार्यालयात, "मी दारातच थांबते," असं ती म्हणाली तेव्हा अक्काला वाटलं होतं, किती शहाण्यासारखी थांबते. अक्का आत खिडकीसमोर तिष्ठत उभी होती तेवढ्या वेळात पोरीने पेटीत पत्र टाकलं होतं. आणि अक्का जेवणं झाल्यापासून सख्ख्या माणसांच्या साक्षी घेत बसली होती.

तिने पाहुण्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, आणि या वेळी त्याने नजर चुकवली नाही.

"तुमचा मला अनुभव आहे, बाई," निरीक्षक म्हणत होता. "ही तक्रार किरकोळ आहे. निराधार आहे असं लेखी द्या. मी मुलीला विचारतो, ती हो म्हणाली की आत्ता फाइल बंद करतो. तुम्ही उद्या बोलायला मोकळ्या. आणि मुलीचं मंगळवारी ठरल्याप्रमाणे होईल."

जिन्याच्या दाराशी टाचणी उभी होती. हातात फ्रेमी पुसायचं फडकं तसंच होतं, आणि चेहरा पांढराफटक पडला होता. ती निरीक्षकाकडे बघतच नव्हती. अक्काची पेन्सिल काय करते, तेवढंच ती बघत होती.

दीड वर्ष. अक्काने भाषण इतक्या वेळा लिहून खोडलं होतं, की ते आता तिला तोंडपाठ होतं. सभागृहात कुठे थांबायचं, कुठे पाण्याचा घोट घ्यायचा, तेही ठरलं होतं. एका ओळीचा कबुलीजबाब दिला, की ते सगळं दुसऱ्याच्या हातात जाणार होतं. बाहेर लोक काय म्हणतील ते वेगळंच. मंचाच्या अध्यक्षीणबाईंच्याच घरची चौकशी!  आणि तीस वर्षांत तिने एक शब्द इकडचा तिकडे लिहिला नव्हता. आईचा तो चहा तिला जमणार नव्हता.

"पहिला मुद्दा," ती म्हणाली. "खरा आहे. माझा भाऊ सामन्याच्या वेळी ओरडतो."

भाऊने तोंड उघडलं. वहिनीने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला, आणि त्याने ते मिटलं.

"दुसरा मुद्दाही खरा. पिना तिनेच मारल्या. फ्रेमीसुद्धा पुसते."

"बाई, अहो, हे असलं काम सगळ्याच घरांत..."

"तिसरा मुद्दा," अक्का म्हणाली. आता तिचा आवाज कापला, आणि तिने तो लपवला नाही. "तो पहिल्या दोन्हींपेक्षा खरा आहे. मी तिला एकदाही विचारलं नाही. लिहून घ्या. मी काहीही निराधार म्हणणार नाही. सविस्तर चौकशी करा, आणि घाई करू नका."

निरीक्षकाने तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग कागदावरच्या दोन पिनांकडे आणि टेबलावरच्या ढिगाकडे पाहिलं. नीट बसलेला चष्मा त्याने उगाचच पुन्हा नीट केला.

"मुली, तुला काही सांगायचंय?"

"चौकशी सुरू झाली का?" टाचणीने विचारलं.

"झाली म्हणायची."

"मग आत्ता नाही सांगत. सावकाश सांगते."

निरीक्षकाने फाइलवर तारीख घातली. उठताना तो म्हणाला, "साठ दिवस. सुट्ट्या सोडून." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं की नाही, हे अक्कालाही सांगता आलं नसतं.

तो जिना उतरून गेला. मग भाऊ म्हणाला, "म्हणजे आता साठ दिवस मी सामना बघताना मूग गिळून बसायचं?" आणि वहिनीला हसू फुटलं. हसता-हसता तिने पदराने डोळे पुसले. अक्काने भाषणाची फाइल उचलली आणि पाहुण्यापुढे धरली.

"मी?" तो दोन पावलं मागे सरला. "मला चार माणसांत बोलता येत नाही."

"कागदावर तू या घरचा नाहीस, तुला नियम पाच लागत नाही. यातलं काही वाचू नकोस. थर्मामीटरचं सांग." तिने फाइल त्याच्या हातात कोंबली. "आणि मघाशी मी जे बोलले ते चुकलं. तू भाऊ आहेस माझा. ती बॅग आज रिकामी कर, मला ती आवडत नाही."

पाहुण्याने फाइल छातीशी धरली. "बघतो," तो म्हणाला. बॅगेबद्दल की भाषणाबद्दल, ते त्याने सांगितलं नाही.

टाचणी अजून दाराशीच होती. अक्का तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. वहीचं कोरं पान काढून तिने वर तारीख घातली.

"तुला या घरात राहायचंय का?" तिने विचारलं.

टाचणीने फडक्याची घडी घातली. "लिहून घेणार?"

"शब्द न् शब्द."

"हो," टाचणी म्हणाली. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "हो. दोनदा लिहा."

अक्काने दोनदा लिहिलं, लघुलिपीत नाही, कोणालाही वाचता येईल अशा अक्षरात, आणि पान फाडून तिच्या हातात दिलं. टाचणीने ते नीट वाचून पाहिलं. मग तिने ते ढिगातल्या सगळ्यात वरच्या प्रतीवर ठेवलं, कडा जुळवल्या आणि पिन मारली. आणि बोटभर अंतर सोडून दुसरी.